टेलरच्या वहीतला आकडा

ताई, नमस्कार.
मी फोंड्याला राहते. वय ३९, उंची १५६ सेंटिमीटर, वजन ६३ किलो. दिवाळीला नरकासुर जाळला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी पाऊण तास चालते. दुपारचा भात निम्मा केला, संध्याकाळचा बन आणि भजी बंद केली. तीन महिने झाले, वजन जेमतेम एक किलो उतरलं. म्हणून फॅट दाखवणारा वजनकाटा ऑनलाइन मागवला आणि तिथून डोक्याला ताप सुरू झाला. सोमवारी ३१.८ टक्के, मंगळवारी ३४.२. एका जिममध्ये फुकट तपासणी होती, तिथल्या मशीनवर २९ आलं. नेटवरच्या एका कॅल्क्युलेटरने ३४ सांगितलं, दुसऱ्याने चक्क ४०! टेपने मोजलं तर मान ३३, हिप ९९, आणि कंबर सर्वांत बारीक जागी ८१, बेंबीपाशी ८६. यातली खरी कंबर कुठली? नवऱ्याची उंची १७०, बेंबीपाशी ९४, आणि काट्यावर त्याचं फॅट २४ येतं म्हणून तो मला हसतो. इन्स्टाग्रामवरची एक मुलगी सांगते की बाईचं फॅट २२ असायला हवं. इकडे चवथीला शिवलेला पंजाबी ड्रेस कमरेत सैल झालाय, पण काट्याला ते मान्य नाही. माझं नेमकं फॅट किती? घरी कसं मोजू?
— काट्यावरची, फोंडा

अगो बाय,

तुझ्या पत्रात फॅटचे पाच आकडे आहेत आणि पाचही अंदाज आहेत. यातला एकही तुझी चरबी मोजून आलेला नाही. जिवंत माणसाची चरबी काढून तागडीत घालता येत नाही, त्यामुळे जगातली प्रत्येक पद्धत दुसरंच काहीतरी मोजते आणि त्यावरून चरबीचा हिशेब मांडते. कोणी पाणी मोजतो, कोणी घेर, कोणी कातडीची घडी. हे एकदा लक्षात आलं की २९ आणि ४० यांच्यात भांडण उरत नाही. ती दोन वेगवेगळ्या ज्योतिषांनी सांगितलेली दोन भविष्यं आहेत.

मी सत्तावीस वर्षं शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलं. मुलांच्या उंच्या, छात्या, वजनं यांच्या वह्या भरल्या. त्यातून एक सवय लागली: आकडा समोर आला की तो कुठून आला ते आधी विचारायचं. तुझ्या काट्यालाही तेच विचारू.

काट्यावर अनवाणी उभी राहिलीस की तो एका पायातून जाणवणारही नाही इतका बारीक वीजप्रवाह सोडतो आणि दुसऱ्या पायातून परत घेतो. वाटेत किती अडथळा झाला एवढंच त्याला कळतं. स्नायूंत पाऊण भाग पाणी, त्यातून वीज सहज जाते. चरबीत पाणी फार थोडं, तिथे ती अडते. अडथळा जास्त म्हणजे पाणी कमी, पाणी कमी म्हणजे स्नायू कमी, म्हणजे उरलेली चरबी, असा त्याचा तर्क. त्यात तू सुरुवातीला ॲपमध्ये भरलेली उंची, वय आणि स्त्री की पुरुष हे मिसळून तो टक्का काढतो. मी एकदा गंमत म्हणून माझ्या काट्याच्या ॲपात वय तीस वर्षांनी कमी केलं. कपभर चहा व्हायच्या आत माझी चरबी उतरली! तेव्हापासून मी त्या काट्याकडे फक्त वजनापुरती बघते.

आता सोमवार-मंगळवारची गोष्ट. ३१.८ वरून ३४.२ म्हणजे २.४ टक्के वाढ. ६३ किलोच्या बाईत ती दीड किलो चरबी होते. एक किलो चरबी साठायला साधारण ७,७०० कॅलरी लागतात, म्हणजे एका रात्रीत तू खर्चापेक्षा साडेअकरा हजार कॅलरी जास्त खाल्ल्यास असं तुझा काटा म्हणतोय. चवथीच्या सगळ्या नेवऱ्या डब्यासकट संपवल्यास तरी हे जमायचं नाही. बदललं ते पाणी. रविवारी आपल्या घरांत काय असतं ते मला ठाऊक आहे: हुमण, शीत, किसमूर, कडेला खारं. मीठ अंगात पाणी धरून ठेवतं, पाणी वाढलं की वीज सुरळीत जाते आणि काटा खूश होऊन फॅट कमी दाखवतो. सोमवारच्या ज्या ३१.८ ने तुझा दिवस चांगला गेला, त्यात रविवारच्या खाऱ्याचा वाटा असण्याचीच शक्यता जास्त. अंगातलं पाणी कमी पडलेलं असताना उभी राहिलीस तर उलटा खेळ. पाय कोरडे आणि टाचा राठ असतील तरी अडथळा वाढतो, न्हाणीतून ओल्या पायांनी थेट आलीस तर घटतो. पाळीच्या आधीचे चार दिवस अंगावर पाणी चढतं ते वेगळंच.

शिवाय पायातून पायात जाणारा प्रवाह मुख्यतः पायांतून आणि ओटीपोटाच्या खालच्या भागातून फिरतो. पोटाचा जो भाग तुला छळतोय तिथे तो जवळपास फिरकतच नाही. वरचं सगळं सूत्राने ठरवलेलं. जिमच्या मशीनला बहुधा हातात धरायच्या मुठीही असतील, म्हणजे वाट वेगळी, सूत्र वेगळं, वेळ संध्याकाळची. म्हणून तिथे २९. जिमवाल्यांनी फसवलं असं मी म्हणणार नाही. पण सकाळच्या घरच्या काट्याशी त्या आकड्याची सोयरीक लावू नकोस.

काटा फेकून द्यायचा का? नको, वजन तो बरोबर दाखवतो. फॅटच्या रकान्यावर मात्र चिकटपट्टी लाव. आणि घरात कोणाला हृदयाचा पेसमेकर बसवलेला असेल तर त्या माणसाने या काट्यावर चढू नये. गरोदर बाईनेही नको. हे बारीक अक्षरांतल्या कागदावर लिहिलेलं असतं, पण तो कागद खोक्याबरोबर जातो.

आता तुझे दोन कॅल्क्युलेटर. तू मापं दिलीस हे फार बरं केलंस, कारण त्यावरून दोघांची जातकुळी ओळखता आली.

३४ वाला अमेरिकन नौदलाचा. वास्कोला आपलं नौदल आहे, त्याच्याशी याचा संबंध नाही. पण गोव्यात तारवटी, म्हणजे बोटीवर कामाला असलेला माणूस, नाही असं घर शोधावं लागतं, आणि बोटीवर चढण्याआधीची मेडिकल म्हणजे काय हे त्या घरांना सांगायला नको. त्यांच्या नौदलालाही हीच अडचण होती. उंची-वजनाचे तक्ते लावले की दणकट, स्नायूदार गडी ‘जाड’ ठरून बाद व्हायचा. अल्बर्ट बेंकी या नौदलाच्याच डॉक्टरने १९४२ मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या खेळाडूंना पाण्याखाली तोलून दाखवून दिलं की वजन जास्त म्हणजे चरबी जास्त असं नाही. खोबरेल पाण्यावर तरंगतं, तशी चरबीही हलकी. पाण्यात बुडवून तोललं की अंगाची घनता कळते आणि घनतेवरून चरबी. पण हजारो खलाशांना टाकीत कोण बुडवत बसणार? मग १९८४ मध्ये हॉजडन आणि बेकेट यांनी नुसत्या टेपवर चालणारी सूत्रं बनवली. बायकांचं असं:

४९५ ÷ [१.२९५७९ − ०.३५००४ × लॉग (कंबर + हिप − मान) + ०.२२१०० × लॉग (उंची)] − ४५०

घाबरू नकोस. मोबाइल आडवा धरलास की बहुतेक फोनांच्या कॅल्क्युलेटरवर ‘लॉग’चं बटण येतं. सगळी मापं सेंटिमीटरमध्ये. यात कंबर सर्वांत बारीक जागची घ्यायची, म्हणजे तुझी ८१. ८१ अधिक ९९ वजा ३३ म्हणजे १४७. पुढचं मी करून पाहिलं, ३४.४ येतं. तुझा पहिला कॅल्क्युलेटर हाच.

४० वाला त्यामानाने पोरगा. २०१८ मध्ये लॉस एंजेलिसच्या वुलकॉट आणि बर्गमन यांनी काढलेला. याला लॉग नको, मान नको, हिप नको. बायकांसाठी ७६ वजा (उंची ÷ कंबर × २०). पुरुषांसाठी ७६ च्या जागी ६४. चौथीतल्या मुलाला जमेल. यातली कंबर मात्र खालची, कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेशी घेतलेली. तुझ्या बेंबीपाशीच्या ८६ ला तीच जवळची मानू. १५६ भागिले ८६ म्हणजे १.८१४, गुणिले २० म्हणजे ३६.३. ७६ मधून वजा केले की ३९.७. हे तुझे ४०.

तर ‘खरी कंबर कुठली’ याचं उत्तर: दोन्ही खऱ्या, पण प्रत्येकीचं सासर वेगळं. बारीक जागचं माप नौदलाच्या सूत्राला, खालचं दुसऱ्याला. उलटापालट केलीस की नुसता गोंधळ. पुरुषांच्या नौदल सूत्रात कंबर बेंबीशीच घेतात आणि हिप लागतच नाही. काही कॅल्क्युलेटर हा फरक सांगत नाहीत, मग नवरा-बायको एकाच जागी टेप लावून बसतात आणि वाद घालतात.

यातलं बरोबर कुठलं, ३४ की ४०? तुझ्या बाबतीत ते मी इथे बसून सांगू शकत नाही, कोणी सांगत असेल तर त्याच्यापासून दूर राहा. नौदलाचं सूत्र मोठ्या गटावर बरं चालतं, पण एकेका माणसात तीन-चार टक्के इकडेतिकडे होणं त्याला सहज आहे. शिवाय ही दोन्ही सूत्रं अमेरिकन माणसांच्या मापांवर बेतलेली. आपली ठेवण वेगळी.

ती किती वेगळी, याची एक गोष्ट मला फार आवडते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन या दोघांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा एकत्र फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, तंतोतंत सारखा, २२.३. आपल्याकडच्या मापानेही अगदी निरोगी. पण स्कॅन केल्यावर यडकिनसाहेबांची चरबी ९.१ टक्के निघाली आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. दिसायला दोघेही सडपातळ. बारीक हातापायांच्या आत चरबी घेऊन फिरणारा हिंदुस्थानी माणूस याज्ञिकांनी असा स्वतःवरच दाखवला. म्हणून तर आपल्याकडे बीएमआय २३ च्या वर गेला की जास्त वजन आणि २५ च्या वर स्थूल धरतात, गोऱ्यांसारखं २५ आणि ३० पर्यंत थांबत नाहीत. तुझा येतो २५.९. मी हे तुला घाबरवायला सांगत नाही, पण लपवणारही नाही.

आता यजमानांकडे वळू, कारण ते हसतायत.

पहिली गोष्ट, बाईच्या अंगात चरबी पुरुषापेक्षा जास्त असणं हे निसर्गाचं काम आहे. मूल वाढवायची तयारी म्हणून ती असते, आणि फार उतरली तर पाळी बिघडते. त्यामुळे ३४ विरुद्ध २४ ही स्पर्धाच नव्हे. दुसरी गोष्ट त्यांना जेवताना ऐकव. दुसऱ्या सूत्राने त्यांचा हिशेब: १७० भागिले ९४, गुणिले २०, म्हणजे ३६.२. ६४ मधून गेले की २७.८. आणि हेही सोड. कंबर भागिले उंची हा सगळ्यांत साधा हिशेब, तो अर्ध्याच्या आत असावा. तुझा बेंबीपाशी ८६ भागिले १५६, ०.५५. त्यांचा ९४ भागिले १७०, तोही ०.५५! दोघं बरोबरीत, आणि चालायला एकटी तू जातेस. भारतीय पुरुषाला कमरेची मर्यादा ९० सेंटिमीटर धरतात, बाईला ८०. ती मोजायची जागा शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध. तुझं ते माप ८१ आणि ८६ च्या दरम्यान कुठेतरी येईल, म्हणजे तूही रेषेच्या थोडी पलीकडेच आहेस. दोघांनी एकदा आरोग्य केंद्रात जाऊन उपाशीपोटी साखर आणि ब्लड प्रेशर तपासून घ्या. पोटाच्या आत, अवयवांभोवती बसलेली चरबी साखरेच्या वाटेने त्रास देते, आणि फॅटचा टक्का कितीही अचूक काढला तरी ती कुठे बसलीय ते त्यातून कळत नाही. टेपला ते थोडंफार कळतं.

चिमटा घेऊन कातडीची घडी मोजायचं कॅलिपर नावाचं एक साधन मिळतं, प्लॅस्टिकचं तर अगदी स्वस्तात. बायकांत दंडाची मागची बाजू, कमरेच्या हाडाच्या वर आणि मांडी अशा तीन जागी घड्या घेऊन जॅक्सन-पोलॉकच्या सूत्रात घालतात. हात बसलेला माणूस असेल तर ही चांगली पद्धत. पण जागा बोटभर सरकली की आकडा सरकतो, आणि स्वतःच्या दंडाला मागून स्वतः चिमटा काढणं म्हणजे कसरत. नवऱ्याला सांगितलंस तर हसणं थांबायचं नाही. घेऊच नकोस. डेक्सा स्कॅन म्हणून क्ष-किरणांची तपासणी असते, याज्ञिकांनी केली तशी. तीही अंदाजच देते, फक्त बाकीच्यांपेक्षा बरा. तुझ्या कामाला त्याची गरज नाही. जिमच्या भिंतीवर असते तसली फोटोंची रांग, ‘हा १५ टक्के, हा २०’, तिच्याकडे पाहून स्वतःला ओळखायचा खेळ तर विसरच. त्यात चवथीला ओवशाचं सूप घेऊन उभी राहणारी चाळिशीची बाई नसते.

मग घरी काय करायचं? टेप. एक सूत्र धर, मी तुझ्या जागी नौदलाचं धरीन, कारण त्यात तीन मापं आहेत, सगळा भार एकट्या कमरेवर नाही. आणि ते सोडू नकोस. ते तुझी चरबी दोन टक्क्यांनी जास्त सांगत असेल तर सांगू दे. आजही जास्त सांगेल, मेमध्येही साधारण तितकंच जास्त सांगेल. आजच्यातून मेमधलं वजा केलंस की ती चूक बहुतेक गळून पडते आणि उरतो तो तुझा खरा बदल. घड्याळ पाच मिनिटं पुढे असलं तरी वरण किती वेळ शिजलं ते त्यावर कळतंच ना, तसं. अडचण तेव्हा होते, जेव्हा सुरुवात एका घड्याळावर बघतो आणि शेवट दुसऱ्यावर. तू तीन महिन्यांत चार घड्याळं पाहिलीस.

टेप कसला, हेही बघ. कापडी टेप वर्षानुवर्षं ओढून ताणतो. मुलांच्या कंपासपेटीतल्या पट्टीशी त्याचे पहिले पंधरा सेंटिमीटर जुळवून पाहा, मग पुढचे पंधरा. जुळले नाहीत तर फायबरचा नवा घे, फार महाग नसतो. मोजायची वेळ सकाळची, शौचाला जाऊन आल्यावर, चहा आणि पेज पोटात जायच्या आधी. चालायला जाण्यापूर्वी, नंतर नव्हे. कपड्यावरून मोजू नकोस. मान कंठाच्या उंचवट्याच्या खाली, टेप पुढच्या बाजूला किंचित उतरता. हिप सर्वांत रुंद जागी, पाय जुळवून. कंबर मोजताना श्वास साधा सोड आणि तिथेच वाच. पोट आत ओढलंस तर फसवशील कोणाला? टेप पाठीमागे खाली घसरतो, म्हणून आरशासमोर आडवी उभी राहून तो सरळ आहे का पाहा. कातडीला टेकावा, रुतू नये. प्रत्येक माप तीनदा घे आणि मधलं लिही.

कमरेत एक सेंटिमीटरची चूक झाली की तुझ्या सूत्रात अर्धा टक्का फरक पडतो, मी ८१ च्या जागी ८२ घालून पाहिलं, ३४.४ चे ३४.९ झाले. यावरून तूच ठरव की अर्ध्या टक्क्याच्या चढउतारावर किती रडायचं.

आणि रोज मोजायचं नाही. आठवड्यालाही नाही. चार आठवड्यांनी एकदा, पाळी संपल्यानंतरच्या त्याच दिवसांत, म्हणजे अंगावरच्या पाण्याचा घोळ राहत नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयच्या पानामागे चार आकडे लिही: मान, कंबर, हिप, वजन. दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी लिहिलेस तरी चालेल. टक्का काढायचा तर काढ, पण आधी ते चार आकडेच वाच. समजा मेमध्ये कंबर ७८, हिप ९७, मान ३२.५ भरली, तर नौदलाचं सूत्र ३२.२ म्हणेल. बेंबीपाशी ८६ चे ८३ झाले असतील तर दुसरं सूत्र ३८.४ म्हणेल. म्हणजे दोघांचं अजूनही एकमेकांशी जमणार नाही, पण दोघंही उतरणीलाच असतील.

आता तुझ्या पत्रातल्या ज्या एका ओळीपाशी मी थांबले, तिच्याकडे येऊ. चवथीचा ड्रेस सैल झालाय. तो कोणीतरी शिवला, आणि शिवण्याआधी मोजला. वरच्या बाजारातला असो की गल्लीतला, टेलर मापं वहीत लिहून ठेवतो. कापडाचा तुकडा टाचून, तुझं नाव घालून. तू चालायला लागण्याच्याही आधीचा तुझा पुरावा त्या वहीत बसलाय, आणि तो कोणत्याही काट्याने बनवलेला नाही. जा आणि विचार. माप इंचांत असेल, २.५४ ने गुण. समजा कमरेला ३३ निघाले, तर ८३.८ सेंटिमीटर. आज ८१. म्हणजे पावणेतीन सेंटिमीटर उतरली, वजन एकच किलो उतरलेलं असताना. एक मात्र आधी विचारून घे: वहीत त्याने अंगाचं माप लिहिलंय की शिलाईचा सैलपणा धरून तयार कपड्याचं. प्रत्येकाची पद्धत निराळी. आणि मोजताना त्याने टेप कुठे लावला होता तेही त्याच्याच हाताने पुन्हा एकदा लावून घे. आजचं माप त्याच्याच टेपने, त्याच जागी, अंगावर तेवढ्याच जाडीचे कपडे असताना. मग ती दोन मापं एकमेकांशेजारी ठेवण्याजोगी होतील.

वजन एक किलोच का उतरलं, हा तुझ्या मनातला खरा सल असावा. भात निम्मा केलास तेव्हा पहिल्या पंधरवड्यात थोडं झरझर उतरलं असेल आणि नंतर अडलं असेल, असा माझा कयास. साठवलेल्या पिष्टाबरोबर अंगात त्याच्या तिप्पट पाणी असतं, ते सुरुवातीला निघून जातं. मग चरबीची पाळी येते, आणि ती सावकाश जाते. चालणाऱ्या बाईच्या मांड्यांना थोडं बळ येतं तेही वजनात मोजलं जातं. कमरेचा घेर कमी आणि वजन तेच, ही तक्रार घेऊन येणाऱ्या बाईला मी पेढे मागते.

चालणं चालूच ठेव. पण आठवड्यातून दोन दिवस त्यात ताकदीचं काम घाल. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठबस, भिंतीला हात लावून दंड, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणं, एवढं घरच्या घरी होतं. आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं आणि दोन दिवस स्नायूंचं काम, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. पहिला भाग तू केव्हाच ओलांडलास. ताटात निम्म्या भाताच्या जागी काही आलं का, की ती जागा रिकामीच आहे? रिकामी असेल तर संध्याकाळी बनची आठवण येणारच. तिथे मुगागाठी, अळसांदे, तिसऱ्यांचं सुकं, एखादं अंडं येऊ दे. बांगडा तळण्याऐवजी हुमणात. पोटाला आधार मिळाला की गाड्यावरचा रस-ऑम्लेट यजमानांनी एकट्याने खाल्ला तरी तुला वाईट वाटणार नाही.

राहिली २२ टक्क्यांची मुलगी. व्यायामाच्या क्षेत्रात जे तक्ते फिरतात त्यांत बायकांसाठी २१ ते २४ ला ‘फिट’ आणि २५ ते ३१ ला ‘सर्वसाधारण’ म्हणतात. ते तक्ते म्हणजे कुठला कायदा नव्हे, आणि कोणत्या पद्धतीने मोजलेले २२ हे ती मुलगी सांगत नाही. तुझ्या जिमच्या २९ मधून की कॅल्क्युलेटरच्या ४० मधून, कुठून मोजायला सुरुवात करायची? मी तुला टक्क्यात लक्ष्य देणारच नाही. टेपने बारीक जागी ८१ आहे, ती आधी ७८ कर. बेंबीपाशी ७८ आली तर उंचीच्या बरोबर निम्मी होईल, पण ती फार लांबची गोष्ट, तिच्यासाठी पुढची चवथ उजाडू दे.

ड्रेस शिगम्याच्या आधी आत घ्यायला देऊ नकोस, असाच सैल घाल. टेलरकडे मात्र या आठवड्यातच जा, कारण वही भरली की काही टेलर जुन्या वह्या माळ्यावर टाकतात, आणि पावसाळ्यात माळ्यावरच्या कागदाचं काय होतं ते फोंड्यात राहणाऱ्या बाईला मी काय सांगू? नवऱ्यालाही बरोबर ने. ९४ चं माप एकदा परक्या माणसाने मोठ्याने वाचून दाखवू दे.

तुझी,
ताई